मुकादमांची पूर्ण वाक्यं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते खरोखरच मुकादम होते, पण हाताखालची माणसं त्यांना मुकादम म्हणायची ती वेगळ्याच अर्थानं. आधी मुका, मग दम. म्हणजे बोलायचे नाहीत, आणि बोललेच तर दम द्यायचे. निवृत्तीबरोबर हुद्दा गेला, नाव मात्र अंगाला चिकटून राहिलं.

शब्द खर्च करणं त्यांच्या जिवावर यायचं. "ते आण." "तिकडचं." "हं." एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार सुखानं चालला, आणि त्याचं सगळं श्रेय त्यांच्या बायकोचं. बाई बसस्थानकावर अनाउन्सर होत्या. काचेच्या छोट्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते सांगायच्या. चेहरा फारसा कुणी पाहिलेला नसे, आवाज मात्र गावभर ओळखीचा. बाजारात त्यांनी नुसता भाव विचारला तरी भाजीवाला मान वर न करता म्हणायचा, "बाई, आज गाड्या वेळेवर ना?"

घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा चालूच. नवऱ्याच्या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्याच पुरा करायच्या.

"माझा तो..."

"फ्रिजवर आहे. वाचून झालं की तिथंच ठेवता चष्मा."

"उद्या जरा..."

"हो, बँकेत जायचंय. लक्षात आहे माझ्या."

लेक गमतीनं म्हणायची, "बाबांबरोबर आईपण लागते, नाहीतर बाबा कळत नाहीत."

एके दिवशी सकाळी ओट्यापाशी उभ्या असताना बाईंच्या हातातला कप सुटला. मुकादम आतून म्हणाले, "काय गं?" उत्तर आलं नाही. बाईंकडून उत्तर आलं नाही हीच इतकी अघटित गोष्ट होती की ते तसेच उठून धावले. बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डोळे मोठे करून त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. पाय हळूहळू ताळ्यावर आला, काठीच्या आधारानं त्या घरातल्या घरात फिरू लागल्या. उजवा हात अधू राहिला. वाचा मात्र गेली ती गेली. डॉक्टरांनी समजावलं, "त्यांना सगळं कळतंय. बुद्धी शाबूत आहे. काय म्हणायचं तेही मनात आहे, पण शब्द हाताशी लागत नाही." बाईंपाशी उरलं होतं ते 'हो', 'नाही', आणि कुठूनसा आलेला 'तसंच' हा एक शब्द. 'हो' आणि 'नाही' यांचीही कधीकधी अदलाबदल व्हायची, आणि मग त्या स्वतःवरच चिडून डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटायच्या.

घरात माणसं दोन, आणि आता दोघंही मुकी. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मुकादमांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती त्या दिवसांत.

सरकारी दवाखान्यात वाचेचे उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. रोगी फार, मॅडम एकच; आठवड्यातून एकदा थोडा वेळ मिळायचा. त्या म्हणाल्या, "खरं काम घरी व्हायला हवं. रोज. त्यांच्या आयुष्यातले शब्द घ्या, त्यांच्याशी बोला, त्यांना बोलू द्या."

मुकादम म्हणाले, "बरं." आणि रस्ताभर तोच एक शब्द त्यांच्या कानात वाजत राहिला. बोला. हे त्यांना सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखं होतं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. ती आली तेव्हा तिनं वडिलांच्या फोनमध्ये चॅटबॉट टाकून दिला. "बाबा, ह्याला मराठीत लिहून विचारा. आईसाठी रोजचे व्यायाम करून देईल. तुम्हाला सुचवत बसायला नको."

ती गेल्यावर मुकादम फोन घेऊन टेबलाशी बसले आणि एका बोटानं टाइप केलं, 'व्यायाम दे.'

यंत्रानं तत्परतेनं उठाबशा, जोर आणि भरभर चालणं दिलं.

मुकादमांनी कपाळाला आठ्या घातल्या. 'बोलण्याचे व्यायाम दे.' आता सभेत न घाबरता भाषण कसं करावं ते आलं. आरशासमोर उभे राहा, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा. त्यांनी पुन्हा लिहिलं, 'बायको बोलत नाही.' यावर यंत्रानं फारच मायेनं सांगितलं की संसारात कधीकधी अबोला येतो, आपण त्यांचं मन समजून घ्यावं, शक्य झाल्यास फुलं न्यावीत.

मुकादमांनी फोन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी लेकीला फोनवर म्हणाले, "बिनडोक आहे तुझं ते."

"काय लिहिलंत तुम्ही?"

त्यांनी वाचून दाखवलं. पलीकडे ती हसली. "बाबा, त्याला आई कोण हेच माहीत नाही. लोक तुम्हाला फोन करायचे ना कंपनीत, 'लिफ्ट बंद पडली' म्हणून? तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?"

मुकादम काय म्हणायचे ते दोघांनाही ठाऊक होतं. ते खेकसायचे. 'लिफ्ट बंद' म्हणजे काय? कुठल्या मजल्यावर? दार लागतं का? आवाज येतो का, आणि कसला? आत कुणी अडकलंय का? आधी सगळं नीट सांगा, मग माणूस पाठवतो. अर्धवट तक्रार करणाऱ्याचा त्यांना मनस्वी राग होता. आणि आता तेच तशी तक्रार करत होते.

त्या दुपारी ते पुन्हा बसले. लिहायला बराच वेळ गेला, कारण एकेक अक्षर शोधावं लागत होतं आणि एकेक गोष्ट आठवावी लागत होती. शेवटी पडद्यावर उभं राहिलं ते असं:

'माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला आहे. तिला ऐकू येतं, समजतं, थोडं वाचता येतं. बोलताना शब्द सापडत नाहीत. हो आणि नाही म्हणते. उजवा हात चालत नाही. ती बसस्थानकावर अनाउन्सर होती. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं आहे की तिच्या रोजच्या आयुष्यातले शब्द घ्यावेत. तू मला छोटी वाक्यं लिहून दे. शेवटचा शब्द गाळ, तो ती म्हणेल. एका वेळी थोडीच दे. सोपं दे. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.'

एवढं बोलणं त्यांनी आजवर कुणाशीच एका दमात केलं नव्हतं. आलेलं उत्तर बरं होतं. 'चहात घालतात ती...' 'दाराला लावतात ते...' असं काहीबाही. सुरुवातीला यंत्र प्रत्येक वेळी 'वा, किती छान प्रश्न' म्हणायचं. मुकादमांनी लिहिलं, 'स्तुती नको. काम कर.' मग ते थांबलं. ती वाक्यं पहिलीच्या वर्गातली वाटतात असं दिसल्यावर त्यांनी लिहिलं, 'ती लहान मूल नाही. प्रौढ बाईसारखी वाक्यं दे.' तेही सुधारलं. आपण जितकं नेमकं सांगू तितकं नेमकं येतं, आणि पहिल्या झटक्यात मनासारखं येत नाही, पुन्हा सांगावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. हाताखालच्या माणसांशी हे धोरण ठेवलं असतं तर, असा एक विचार मनात येऊन गेला.

बाई मात्र ढिम्म होत्या. मुकादम वाचायचे, बाई ओठ हलवायच्या, घशापाशी काहीतरी यायचं आणि परत जायचं. "तसंच," त्या म्हणायच्या, आणि मान फिरवायच्या.

एकदा मुकादमांनी यंत्राला स्थानकाबद्दल आणखी लिहिलं. गाडी लागण्याआधी बाई काय सांगायच्या, उशीर झाला तर काय, पाकीटमारांबद्दल काय. आठवेल ते सगळं. आणि सांगितलं, 'यातूनच वाक्यं कर.' दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते बाईंसमोर बसले आणि जरा अवघडूनच, अनाउन्सरच्या थाटात वाचू लागले, "प्रवाशांनी कृपया लक्ष..."

"द्यावे," बाई म्हणाल्या.

स्वच्छ. पूर्ण. तोच जुना आवाज.

मुकादमांनी कसंबसं पुढचं वाचलं, "गाडी फलाट क्रमांक चारवर..."

"येत आहे," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजानं दचकून त्यांनी डावा हात तोंडावर ठेवला. मग त्या रडल्या. मुकादमांनी त्यांना रडू दिलं. आपणही रडतोय हे त्यांना बऱ्याच उशिरानं कळलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "होतं असं. हजारदा म्हटलेलं वाक्य मेंदूत वेगळ्या जागी राहतं. पण त्या धाग्याला धरून पुढचे शब्द ओढता येतात. चालू ठेवा."

धागा मिळाल्यावर मुकादमांना हाव सुटली. त्यांनी यंत्राला लिहिलं, 'आणखी चांगली वाक्यं करायला तुला काय माहिती हवी? आधी मला विचार.' आणि यंत्रानं विचारलं. त्यांचं आवडतं गाणं कुठलं? मैत्रिणी कोण? तरुणपणी कशाची हौस होती? कुठल्या गोष्टीवर त्या खळखळून हसतात?

कुठल्या इमारतीतल्या लिफ्टचं चाक कसं कुरकुरतं ते मुकादमांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. बायकोचं आवडतं गाणं माहीत नव्हतं. ती सतत बोलायची. त्यांना वाटायचं, सगळं सांगतेच आहे, विचारायचं काय त्यात.

दोन गल्ल्या सोडून मेहुणी राहायची. मुकादम तिच्याकडे गेले. बोलावल्याशिवाय ते आले याचंच तिला आश्चर्य.

"भाऊजी, ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. मला तिच्याबद्दल विचारायचंय."

मेहुणीनं सगळं सांगितलं. गाणी, मैत्रिणी, शाळेतल्या नाटकातली राणी, झुरळाची भीती. बोलता बोलता म्हणाली, "आणि आवाजाचं तर तिला वेडच होतं. मुख्य कार्यालयात निवड झाली तेव्हा काय खूश होती. सगळ्या स्थानकांवर हिचाच आवाज वाजणार होता."

मुकादम म्हणाले, "निवड झाली नव्हती."

"झाली होती, भाऊजी. पत्रही आलं होतं. तेव्हा तुम्ही लिफ्टच्या खड्ड्यात पडून पाय मोडून घेतला होतात. पोर लहान. ती म्हणाली, यांना असं टाकून परगावी कशी जाऊ. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मुकादमांना तो दिवस आठवत होता. पाय टांगलेला, ते खाटेवर. बाई बाहेरून आल्या, पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "नाही जमलं तिकडचं." ते म्हणाले होते, "बरं." पुढे एक शब्द विचारला नव्हता. का नाही जमलं, काय म्हणाले ते लोक, तुला वाईट वाटलं का. काही नाही. "बरं."

घरी येऊन त्यांनी यंत्राला गाणी लिहिली, मैत्रिणी लिहिल्या, राणी लिहिली. ते एक मात्र लिहिलं नाही. ते यंत्राला सांगायचं नव्हतं. जिला सांगायचं होतं तिच्यासमोर तोंड उघडेना.

काम मात्र पुढे सरकत होतं. बाई मैत्रिणींची नावं घेऊ लागल्या, 'पाणी', 'दार', 'नको' म्हणू लागल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास घात झाला.

यंत्राशी चाललेलं ते लिखाण फार लांबलं होतं, पडदा सरकवता सरकवता बोट दुखायचं. लेकीनं सांगितलं होतं, नवीन संभाषण उघडता येतं. मुकादमांनी उघडलं. त्याच दिवशी पाणी पिताना बाईंना सारखा ठसका लागत होता. मुकादम घाईत होते, काळजीतही होते, आणि घाईत माणूस मूळ स्वभावावर जातो. त्यांनी लिहिलं, 'पाणी पिताना ठसका. उपाय.'

यंत्रानं सांगितलं, घसा कोरडा असेल, कोमट पाण्यात मध घालून द्या. त्रास सुरूच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. मुकादमांनी मोठा पेला भरून दिला. बाई खोकत होत्या. मुकादमांना वाटलं, घसा मोकळा होतोय. "पी, पी, बरं वाटेल," ते म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंना ताप भरला, श्वास लागला. दवाखान्यात कळलं की पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरत होतं. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला होता.

मॅडम वॉर्डात आल्या. "झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात. पाण्यात पूड मिसळून ते घट्टसर करून द्यावं लागतं, हनुवटी खाली घेऊन, घोट घोट. मला का नाही विचारलंत?"

मुकादमांनी फोन पुढे केला. मॅडमनी वाचलं. "यात झटक्याचा उल्लेखच नाही."

"सांगितलं होतं त्याला. पहिल्यांदाच."

"ते त्या जुन्या संभाषणात. तुम्ही नवीन उघडलंत, ते कोरं होतं. त्याला काय ठाऊक कोण ठसकतंय? आणि काका, सगळं सांगितलं असतंत तरी हे त्याला विचारायचं नाही. वाक्यं करून घ्या, गाणी करून घ्या. घशाचं, औषधाचं, तापाचं आधी आम्हाला."

मॅडम रागावून बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. बाकड्यावर बसून मुकादम एकच गोष्ट मनात घोळवत राहिले. जन्मभर अर्धं वाक्य टाकायचं आणि उरलेलं समोरच्यानं भरायचं, ही सवय. बाईंनी ते प्रत्येक वेळी बरोबर भरलं होतं, कारण त्या बाई होत्या. यंत्रानंही भरलं, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी घशासाठी.

ताप उतरायला बरेच दिवस लागले. ज्या दिवशी बाई उशीला टेकून बसू शकल्या, त्या दिवशी मुकादमांनी खुर्ची जवळ ओढली. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती.

"मला तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मी पूर्ण सांगणार आहे, मध्ये थांबवू नकोस." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ओशाळले. बाईंच्या ओठांच्या चालत्या कोपऱ्यात हसू आलं.

त्यांनी सांगितलं. मेहुणीकडे गेल्याचं, कळल्याचं. त्या दिवशी आपण नुसतं 'बरं' म्हणालो याचं. "तुझी निवड झाली होती आणि माझ्यामुळे तू गेली नाहीस. मी एकदाही विचारलं नाही. आता विचारतोय. तुला तेव्हा फार वाईट वाटलं होतं का?"

पूर्वीच्या बाईंनी यावर तासभर उत्तर दिलं असतं. आत्ताच्या बाईंनी ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मुकादमांनी शब्द पुरवला नाही. जन्मभर पुरवून घेतले होते, आज थांबले.

"हो," बाई म्हणाल्या. मग डावा हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर, जिथं पूर्वी पाय मोडला होता तिथं ठेवला. "पण... पाय."

"कळलं," मुकादम म्हणाले. आणि नंतर, हे अर्धवट राहिलं असं वाटून, म्हणाले, "तू माझ्या पायासाठी राहिलीस. मला कळलं."

घरी आल्यावर फोन कपाटात गेला. मुकादम आता तोंडीच बोलायचे. दूध आणायला जाताना "मी दूध आणायला जातोय, कोपऱ्यावरच जातोय, लगेच येतो" असं सांगून जायचे. पण वाक्यं सुचायची थांबली, बाईंचे शब्द अडले, आणि एक दिवस बाईच काठी टेकत कपाटापाशी गेल्या आणि दारावर थाप मारून म्हणाल्या, "काढ."

एरवी त्या त्यांना 'अहो' म्हणायच्या. झटक्यात 'अहो'ही हरवलं होतं, आणि मुकादमांची त्याला काही हरकत नव्हती.

त्यांनी फोन काढला. नवीन संभाषण उघडलं आणि या वेळी अगदी सुरुवातीपासून सगळं लिहायला घेतलं. झटका, हात, गिळण्याचा त्रास, 'औषधपाण्याचं काही सांगू नकोस, ते आम्ही डॉक्टरांना विचारतो', गाणी, मैत्रिणी. बाई शेजारी बसून सावकाश वाचत होत्या. वाचन आता त्यांना बरंच जमू लागलं होतं. 'माझी पत्नी रुग्ण आहे' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"नाही."

"रुग्ण नको?"

"नाही."

मुकादमांनी तो शब्द खोडला. 'माझी पत्नी अनाउन्सर आहे' असं केलं. बाईंनी मान हलवली. मग 'तिला मालिका बघायला आवडतात' यावर बोट आलं. "खोटं," बाई म्हणाल्या. मुकादम गोंधळले. इतकी वर्षं संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची ती.

"मग कशाला बघायचीस?"

बाईंनी डोळ्यांनीच त्यांच्याकडे निर्देश केला. ते बघायचे म्हणून. आणि ते बघायचे ती बघते म्हणून. मुकादमांना हसू फुटलं, बाईंनाही. मालिका खोडली गेली. अशा आणखी काही ओळी गेल्या. 'आवडता रंग निळा' गेलं, 'स्वभाव शांत' तर बाईंनी वाचून होण्याआधीच घालवलं.

शेवटची ओळ तेवढी उरली होती, नेहमीची: 'सोपं दे.' बाईंनी हात पुढे केला. "मी."

मुकादमांनी फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताची तर्जनी पडद्यावर फिरू लागली. एक अक्षर लागायचं, दुसरं चुकायचं, खोडायचं, पुन्हा शोधायचं. मुकादम मध्येच उठून शेगडी बंद करून आले आणि परत शेजारी बसले. बाईंनी मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन त्यांच्याकडे सरकवला.

'सोप नको', एवढंच होतं. अनुस्वार राहिला होता.

मुकादमांनी तो तसाच राहू दिला आणि पाठवायचं बटण दाबलं.